मशीन सरकलं नव्हतं

आबा,

काल मी प्रोजेक्टर घेतला. घरच्या घरी भिंतीवर सिनेमा दाखवतो तो. तुम्ही असतात तर पहिला प्रश्न आला असता, "कामून? टीव्ही फुटला का?" नाही फुटला. मला घ्यायचा होता म्हणून घेतला. शाळेतून निवृत्त झालेल्या बाईनं तीर्थयात्रा करावी असं सगळ्यांना वाटतं, मला परभणीच्या दुकानात उभं राहून स्वस्तातला बरा प्रोजेक्टर निवडावासा वाटला, तर कुणाच्या बापाचं काय गेलं? माझ्या बापाचं गेलं असतं, पण ते आता विचारायला नाहीत. सोबत तुमची नात होती, माझी धाकटी. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तिनं आठवडाभर मोबाइलवर मशीनं बघून माझं डोकं उठवलं होतं. दुकानातला माणूस खोकं पुढं सरकवून म्हणाला, "मॅडम, हे फोर के आहे." मी म्हटलं, "आहे, की चालतं?" खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलंच होतं, फोर केचा सिनेमा यात चालतो म्हणून. चालतो म्हणजे मशीन तेवढ्या ताकदीचं असतं असं नाही. आपल्या गाडीला कुणाचाही बैल जुंपता येतो, म्हणून तो आपला होत नाही. मग उजेडाचा आकडा निघाला. मी म्हटलं, आकडा राहू दे, दुकानातले दिवे चालूच ठेव आणि चित्र दाखव. एका मशीनचं चित्र पार पांढरं पडलं. दुसऱ्याचा पंखा इतका ओरडत होता की आवाज ऐकायला वेगळा कान लागला असता. तिसरं साधं, खोक्यावर फार फुशारकी नसलेलं, दिव्यातही माणसांचे चेहरे ओळखू येत होते. ते घेतलं. लेक म्हणाली, "आई, तुला हे सगळं कुणी शिकवलं?" मी म्हटलं, माझ्या वडिलांनी. एवढं श्रेय तुम्हाला देते. पुढं जे लिहिणार आहे त्यात फार देणार नाही, म्हणून आधीच देऊन ठेवते.

तुम्हाला आठवत असेल तर आठवत असेल. मी नववीत आहे. गावाच्या जत्रेसाठी मशीन घ्यायचं ठरलंय आणि तुम्ही मला सोबत घेऊन परभणीला आलात, कारण मशीनवरचं इंग्रजी मला वाचता येतं. स्टेशनामागच्या एका गोदामात बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजचं सामान पडलेलं. गावोगाव व्हिडिओ आल्यावर तंबूत कोण येणार? तिथला म्हातारा ऑपरेटर, डोळ्याला जाड चष्मा, खांद्यावर मळकी दस्ती. दोन मशीनं होती. एक रंगवून चकाचक केलेलं, दुसरं करड्या रंगाचं, एका अंगाला पोचा आलेला. तुम्ही चकाचक मशीनवरून हात फिरवायला लागलात तसा तो म्हणाला, "रंग नक्को देखो साब. दाँता देखो." फिल्मच्या कडेच्या भोकात अडकून तिला खाली ओढणारा एक बारीक दाता असतो, तो त्यानं भिंग लावून दाखवला. चकाचक मशीनचा दाता झिजून वाकडा झालेला. "ये फिल्म खाताय," म्हातारा म्हणाला. करड्या मशीनचा दाता शाबूत. तुम्ही असे हसलात आबा! "म्हंजे बैलावानीच की," म्हणालात. पेडगावच्या व्यापाऱ्यानं एकदा शिंगं रंगवून म्हातारा बैल तुमच्या गळ्यात मारायचा प्रयत्न केला होता, ती गोष्ट तुम्ही त्याला सांगितलीत, त्यानं चहा मागवला, अन् तुम्ही दोघं जन्माचे दोस्त असल्यासारखे बसलात. ते पोचा आलेलं मशीन आपण घेतलं. येताना एसटीत मी ते मांडीवर धरून बसले होते आणि मला तुमचा लय अभिमान वाटत होता. हेही खरंच आहे, ते मी कशाला लपवू.

पण त्याच गोदामातली दुसरी गोष्टही मी विसरलेली नाही. म्हातारा म्हणाला, "पर्दा भी लेके जाव. पीछे से काला हय. रोशनी पार नई जाती, फिल्म झकास दिखती." तुम्ही नको म्हणालात. मला वाटलं, आपल्या ऐपतीत बसत नसेल. आठवड्याच्या बाजाराला बोरीला गेलो, तिथं तुम्ही परद्यासाठी मांजरपाट घेतला आणि शिंप्याकडं गेलात. शिंपी म्हणाला, "दुपदरी शिवतो आबा, टिकंल." तुम्ही म्हणालात, "न्हाई. एकपदरीच शिव." शिंपी म्हणाला, "पार आरपार दिसंल की." तुम्ही म्हणालात, "दिसू दे." मी तिथंच उभी होते, हातात जिलेबीचा पुडा. घरी आईला कौतुकानं सांगितलं, आबानं कापड वाचवलं. काय अक्कल होती माझी!

पहिल्या खेळाच्या संध्याकाळी कळलं. मारुतीच्या देवळापुढं दोन बल्ल्या रोवून तो मांजरपाट ताणला. देवळाच्या अंगाला सगळं गाव बसलं, पुढं पोरं, मग बाया, मागं खाटांवर कर्ती माणसं. परद्याच्या पलीकडं ओढ्याकडं उतरणारी जागा. तिथं ओढ्यापलीकडच्या वस्तीतली माणसं येऊन बसली. कुणी हाकललं नाही, कुणी बोलावलंही नाही, त्यांची जागा कुठली हे सांगायचं काम तुमच्या एकपदरी कापडानं केलं. सापही मरावा आणि काठीही मोडू नये. तुम्ही गड्याला सांगून परद्यावर पाण्याचे सपके मारायला लावायचे, ओल्या कापडातून मागं जास्त साफ दिसतं म्हणून. याचं तुम्हाला कोण कौतुक! खाटेवर बसून पाहुण्यांना सांगायचे, "दुसऱ्या गावात उभं करून घेत न्हाईत. आपल्याकडं त्याईला बी बघायला भेटतंय. फुकट." त्याच्या पाच-सहा वर्षं आधी विद्यापीठाच्या नावावरून मराठवाड्यात घरं जळाली होती. वाद अजून मिटला नव्हता, बसस्टँडच्या भिंतीवर एकदा ह्या बाजूनं चुन्यानं लिहिलेलं असायचं, एकदा त्या बाजूनं डांबरानं पुसलेलं. तुमचं एक वाक्य ठरलेलं होतं, "आपल्या गावात काडी लागली न्हाई." खरंच लागली नव्हती. मी ते वाक्य शाळेत मैत्रिणींना छाती फुगवून सांगायची.

मावशी त्या परद्यामागं बसायची. आपल्या शेतात बारमाही कामाला असलेली वस्तीतली मावशी. घरात तिला सगळे नुसत्या नावानं हाक मारायचे, आठ वर्षांचा माझा भाऊसुद्धा. मावशी मी एकटी म्हणायची, तेही शेतात. घराच्या अंगणात आलं की माझीही जीभ आखडायची. माझं पोट दुखलं की ओवा चावायला देणारी तीच, विंचू चावला तेव्हा मला पाठीवर घेऊन बोरीच्या दवाखान्यापर्यंत पळालेली तीच. सिनेमाचा तिला भारी नाद. वस्तीतली शिकलेली पोरं म्हणत होती की असं मागं बसून बघायचं नाही, आपली काय इज्जत आहे की नाही. मावशी म्हणायची, "तुमी इज्जत बघा, मी शिनेमा बघते." त्या कार्तिकात आम्ही दोघी कापूस वेचायलोत. ती मध्येच थांबते, कमरेची ओटी सावरते आणि विचारते, "माय, एक इचारू का? हसायचं न्हाई. ती शिनेमातली मान्सं समदी डावरी कामून ऱ्हातेत?" मी म्हणते, "डावरी?" ती म्हणते, "डाव्या हातानं जेवतेत. डाव्या हातानं देवाला फूल वाहतेत. लगनात बी डावाच हात. अन् गाव त्याईला काईच म्हनत न्हाई. लय मोठी मान्सं असतेल, म्हनून चालत आसंल." मला क्षणभर कळेना. मग कळलं. परद्याच्या मागून बघितलं की सगळंच उलटं. तीन सिनेमे तिनं असे बघितले होते आणि तिच्या परीनं त्याचा अर्थ लावला होता. मी हसले नाही. तिच्यासमोर हसले नाही.

घरी येऊन हसले. रात्रीच्या जेवणाला तुम्हाला सांगितलं, तेही तिचा आवाज काढून, हातवारे करून. माझी नक्कल चांगली व्हायची, तुम्हीच म्हणायचे. तुम्हाला ठसका लागला, आईनं पाठीवर थापट्या मारल्या, तरी तुम्ही हसायलाच. दुसऱ्या दिवशी तुम्ही पारावर सांगितलंत. तिथून ते बोरीच्या बाजारात गेलं. आठ दिवसांत मावशीचं नाव "डावरी" पडलं. किराणा दुकानदार मिठाचा पुडा मुद्दाम डाव्या हातानं टाकायचा आणि विचारायचा, "शिनेमात अशीच देतेत न्हवं?" देवळापुढून गेली की पोरं डावा हात कपाळाला लावून रामराम घालायची. मावशीनं आपल्या शेतात यायचं बंद केलं. तुम्ही म्हणालात, "एवढ्या तेवढ्या गमतीनं माणूस रुसतंय व्हय!" आणि दुसरी बाई कामाला लावलीत. पुढच्या खेळाला परद्यामागं कुणीही नव्हतं. तुम्ही तरीही पाणी मारायला लावलंत.

आता आरशाचं. तुम्ही रोज सकाळी ओसरीच्या खांबाला आरसा अडकवून दाढी करायचे. हातभर रुंदीचा, पत्र्याच्या चौकटीतला. एका सकाळी मी मागून चहा घेऊन येते आणि आरशात बघते, तर तुमचा वस्तरा डाव्या हातात. तुम्ही खांबापुढं उभे, उजव्या हातानं दाढी करणारे, आणि आरशातले आबा चक्क डावरे. मी चहा खाली ठेवला आणि तिथंच बसून राहिले. तुम्ही म्हणालात, "काय बघायलीस येड्यावानी?" मी म्हटलं, काही नाही. त्या दुपारी घरात कुणी नसताना मशीन काढलं, भिंतीकडं तोंड करायच्या ऐवजी बाजूला वळवलं, भिंगापुढं आरसा तिरका धरला आणि जुन्या फिल्मचा तुकडा लावला. भिंतीवर अक्षरं उलटी पडली. म्हणजे परद्याच्या पुढं उलटी, तर मागं सरळ. विज्ञानाच्या गुरुजींनी दोन वर्षं परावर्तन शिकवलं होतं, डोक्यात शिरलं ते त्या दिवशी.

मी वस्तीत गेले. पहिल्यांदाच, दहावीत येईपर्यंत ओढा ओलांडून कधी गेले नव्हते. मावशी दारात तूर पाखडायली. मला बघून सूप थांबलं नाही. मी म्हटलं, "मावशी, जत्रेच्या खेळाला या." ती म्हणाली, "आता काय बघायचं ऱ्हायलंय? गावाचं हसून झालं की." मी सांडलेले तुरीचे दाणे गोळा करायला वाकले. मग ती म्हणाली, "तुज्यावर माझा राग न्हाई माय. पर एक सांग. मी खोटं काय बोलले? मला जे दिसलं ते मी बोलले." आबा, माझ्या आयुष्यात मी पुष्कळ विद्वानांची भाषणं ऐकली, नामांतराच्या बाजूची ऐकली, विरोधातली ऐकली. याच्याइतकं नीट कुणी बोललेलं मला आठवत नाही. मी म्हटलं, "या खेपेला तुमच्या अंगानं सरळ दिसंल. पुढच्यांना डावं दिसंल. मी तजवीज केलीय." सूप थांबलं. माझ्याकडं बघत ती म्हणाली, "अन् तुझे आबा?" मी काय बोलले ठाऊक आहे? मी म्हटलं, "आबांना मी बघते."

जत्रेचा दिवस. तुम्ही बोरीच्या पाहुण्यांना खाटांवर बसवायच्या गडबडीत, मशीन माझ्या ताब्यात. टेबल आडवं केलं, आरसा दोन विटांच्या आधारानं तिरका उभा केला. आठ-दहा बाया परद्यामागं येऊन बसल्याचं पायांच्या आवाजावरून कळलं. दिवे मालवले, मशीन सुरू झालं, नावं पडली. गावाला उलटी. पहिल्यांदा पोरं हसली. मग कुणीतरी ओरडलं, "आरं, उलटं लागलंय!" खाटा करकरल्या. "आबा, ह्ये काय चालायलंय?" मी मशीनवर हात ठेवून उभी, फिल्म चालूच. सिनेमात जेवणाची पंगत लागली. आणि परद्याच्या मागून मावशीचा आवाज आला, खणखणीत, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा. "उजवा! उजव्या हातानं जेवायलाय बगा! मान्सावानी मान्सं हायेत की गं बाई!" मागच्या सगळ्या बाया हसल्या. तसं हसू मी त्या परद्यामागून कधी ऐकलं नव्हतं.

पुढच्या अंगाला मात्र हसू विरलं. एक जण उठून म्हणाला, "ह्ये मुद्दाम केलंय कुणीतरी." तुम्ही आलात. माझ्याकडं बघितलंत, आरशाकडं बघितलंत. तुमचाच आरसा. तुम्ही भिंगापुढं हात धरलात आणि सगळा सिनेमा तुमच्या तळहातावर गोळा झाला. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. तुम्ही आरसा उचलून काखेत मारलात, टेबल सरळ केलंत आणि मोठ्यानं सगळ्यांना सांगितलंत, "काई न्हाई, काई न्हाई. पोरीच्या हातून चूक झाली. मशीन सरकलं." झालं! खाटा शांत झाल्या. नावं सुलटी झाली. परद्यामागं सगळं पुन्हा डावं झालं. थोड्या वेळानं तिकडून पायांचे आवाज आले, उतारावरून खाली जाणारे. मी फिल्म संपेपर्यंत तिथंच उभी होते आणि एक शब्द बोलले नाही.

घरी आल्यावर तुम्ही रागावलात ते दार लावून, शेजारी ऐकतील म्हणून. "तुला काय वाटलं, खेळ हाय? आसपासच्या गावात काय झालं म्हाईत न्हाई तुला? एका आरशानं गाव पेटवलं असतं. मी झाकलं म्हणून निभलं." आई रडत होती. चाळीस वर्षं मी तुमचं ते वाक्य चघळते आहे, आज उत्तर देते, बसून ऐका. तुम्ही गावात काडी लागू दिली नाही, मान्य. त्याबद्दल तुमचे पाय धरते. पण ज्यांची घरं जळली नाहीत त्यांनी त्याच्या बदल्यात जन्मभर लोकांची लग्नं परद्यामागून बघायची, हा कुठला हिशेब? तुम्ही ज्याला निभावणं म्हणायचे त्यात निभायचं नेहमी त्यांनीच. आणि हसलं कोण? आपण. परदा एकपदरी शिवायला सांगितला कुणी? तुम्ही. दाता बघणारा माणूस तुम्ही, रंगाला न भुलणारा, तुम्हाला स्वतःच्या गावाचा झिजलेला दाता दिसला नाही? दिसला होता. दिसला होता म्हणूनच एकपदरी शिवलंत. ज्याला कळत नाही त्याच्यावर मी कशाला रागावू? तुम्हाला कळत होतं. आणि ते "चूक झाली"! माझ्या हातून आयुष्यात ज्या दोन-चार गोष्टी ठरवून, विचार करून, नीट झाल्या, त्यातली ती पहिली. तुम्ही मला वाचवलंत असं आई मरेपर्यंत म्हणायची. मला वाचवायचं नव्हतं. मला, हे मी केलंय, असं म्हणायचं होतं. आबा, मशीन सरकलं नव्हतं. मी सरकवलं होतं.

त्यानंतर तुम्ही मशीन पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकलंत. मी दहावी झाले, शिक्षणासाठी परभणीच्या वसतिगृहात निघाले तेव्हा तुम्ही ट्रंक बांधायला बसलात. वसतिगृहात पोचून ट्रंक उघडते तर साड्यांच्या घडीत तो आरसा, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. चिठ्ठी नाही, काही नाही. तुम्ही दाढीला नवा आणला असेल, जुना पोरीला दिला असेल. की आणखी काही म्हणायचं होतं? माझ्या मैत्रिणी म्हणतात, अगं तो त्यांचा माफीनामा होता. मी म्हणते, माफीनामा असेल तर तो ओढ्यापलीकडं जायला हवा होता, माझ्या ट्रंकेत नाही. आणि बोलायला तुम्हाला तोंड नव्हतं का? पारावर तर तासन्‌तास चालायचं. तुम्ही गेलात तेव्हा नावाचा निकाल लागायचा होता. नंतर लागला. माझ्या दोन पदव्यांवर एकाच विद्यापीठाची दोन नावं आहेत, दोन्ही कागद एका चौकटीत लावून भिंतीवर टांगलेत. दुसऱ्या कागदावरचं नाव वाचताना तुमचा चेहरा कसा झाला असता, ते मी पुष्कळदा मनात बघितलं आहे. कधी तुम्ही हसता, कधी तोंड फिरवता. तुमचं काही सांगता येत नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो माझ्यात तुमच्याकडूनच आलाय.

काल संध्याकाळी लेकीनं प्रोजेक्टर जोडला. सेटिंग बघता बघता म्हणाली, "आई, यात एक गंमत आहे बघ. परद्याच्या मागून दाखवायचं असेल तर एक बटण दाबायचं, चित्र आपोआप उलटं होतं, म्हणजे मागच्यांना सुलटं." मी म्हटलं, "दाब." भिंतीवरची अक्षरं पलटली. एक बटण! ना आरसा, ना विटा. मी खुर्ची ओढली, लेकीला समोर बसवलं. मी तिला सगळी गोष्ट सांगितली, तुम्हाला सांगते आहे तशीच, अगदी जोरात, "मशीन सरकलं नव्हतं" म्हणताना मांडीवर थाप मारून. तिला माझा फार अभिमान वाटला. "आणि मग त्या मावशी काय म्हणाल्या?" तिनं विचारलं. मी म्हटलं, झोप आता, उशीर झाला. म्हणून सकाळी उठून हे लिहायला बसले. लिहून झालं की प्रोजेक्टरच्या खोक्यात खाली घालून ठेवीन, खोकी कुणी उघडत नाही.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी मावशी मला ओढ्यावर भेटली. डोक्यावर सरपणाची मोळी होती, ती तिनं खाली ठेवली. आसपास कुणी नव्हतं आबा, तुम्ही नव्हतात, आई नव्हती, पारावरची माणसं नव्हती. ती माझ्या तोंडाकडं बघत म्हणाली, "माय, खरं सांग. तू बोललीस तसं तू केलंस, का तुझे आबा म्हनले तसं मशीन सरकलं?" आदल्या रात्रीचा तुमचा आवाज माझ्या कानात होता. मी म्हटलं, "सरकलं, मावशी." तिनं मोळी डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "तरीच."